भंडारा जिल्ह्यातील जलप्रवाह : प्रदूषण व प्रतिबंध

महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील नाल्या, ओढे, तलाव तसेच वैनगंगा व तिच्या उपनद्या यांमध्ये सांडपाणी, मैला आणि कारखान्यांतील दूषित द्रव्ये अवैध रीत्या सोडली जाऊ नयेत, यासाठी ग्रामसंस्था, नगरपालिका, जिल्हा परिषद व राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी केलेल्या प्रयत्नांचा इतिहास. हा इतिहास केवळ जिल्ह्याच्या सीमेत मावत नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग व कन्हान या नद्यांवाटे वैनगंगेत येते आणि गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात साठते. त्यामुळे ज्या प्रदूषणाचा उपद्रव भंडाऱ्यास सर्वाधिक होतो, त्यावर भंडाऱ्याच्या कोणत्याही स्थानिक संस्थेचा अधिकार चालत नाही. नाली, नदी आणि स्थानिक सत्ता यांच्या परस्परसंबंधांतील हा पेच समजून घेण्यास हा जिल्हा विशेष उपयुक्त आहे.

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते व भंडारा जिल्ह्यातून साधारणपणे उत्तर-दक्षिण दिशेने वाहते. बावनथडी, सूर, चुलबंद या तिच्या जिल्ह्याशी संबंधित उपनद्या होत. सातपुड्यात उगम पावणारी कन्हान नदी पेंचचे पाणी घेऊन नागपूर जिल्ह्यातून येते व दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर अंभोरा या तीर्थस्थानाजवळ वैनगंगेस मिळते. भंडारा हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण (लो. ९१,८४५–२०११) वैनगंगेच्या काठी असून त्याचा पाणीपुरवठा याच नदीवर अवलंबून राहिला आहे. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत लहान नाल्यांत स्वतःचे पाणी जवळजवळ नसतेच. जे वाहते ते वस्तीचे सांडपाणी असते. प्रदूषणाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण पावसाच्या पाण्यासाठी असलेली वाट आणि मैलापाण्याची वाट येथे वर्षाचा बराच काळ एकच होऊन जाते.

तलावांची व्यवस्था : भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी समाजाने बांधलेले अनेक तलाव व बोड्या पूर्व विदर्भाच्या भातशेतीचा आधार होत. मालगुजारी पद्धतीत त्यांची देखभाल मालगुजाराकडे असे व ग्रामस्थांचे पाणी, मासेमारी, गुरेचराई इत्यादींविषयीचे हक्क वाजिब-उल-अर्ज व निस्तार पत्रक या दप्तरांत नोंदले जात. सामान्यतः पिण्यासाठी विहीर, गुरे व धुणे यांसाठी बोडी आणि सिंचनासाठी मोठा तलाव असा वापराचा भेद पाळला जाई. या नियमांना प्रदूषण-प्रतिबंधाचे आद्य रूप म्हणता येईल. मात्र त्यांचे फार गुणगान करणे योग्य ठरणार नाही. पाण्याच्या शुचितेच्या कल्पनेत आरोग्यापेक्षा जातिभेदाचा वाटा पुष्कळदा मोठा होता आणि ज्यांना विहिरीवर येऊ दिले जात नसे, त्यांच्या वाट्यास गढूळ पाणीच येई. मध्य प्रदेशात (त्या वेळी भंडारा जिल्हा त्याच राज्यात होता) १९५०च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी हक्क नष्ट झाले व तलाव शासनाकडे आले. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे सोपविण्यात आले. लोकभाषेत त्यांना अद्यापि ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी) असे म्हणतात. मालक गेला, पण त्याच्या जागी तलावाच्या काठावर रोज नजर ठेवणारे कोणी आले नाही. गावाच्या नाल्या तलावात उतरू लागण्याचे हे एक कारण होय.

नगरपालिकांचा काळ : भंडारा येथे १८६७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. पटकी, हिवताप यांसारख्या साथींच्या भीतीने त्या काळातील नगरपालिकांनी सर्वप्रथम रस्ते, नाल्या आणि मैला वाहून नेण्याची व्यवस्था हाती घेतली. कोरडे संडास, हाताने मैला उचलण्याची अमानुष पद्धत आणि घराबाहेर उघडी नाली हे मध्य प्रांतातील लहान शहरांचे सर्वसाधारण चित्र होते. मध्य प्रांत नगरपालिका अधिनियम, १९२२ अन्वये नाल्या बांधणे व उपद्रव दूर करणे ही नगरपालिकेची कर्तव्ये ठरली. नाली बांधणे खर्चाचे असले, तरी डोळ्यांना दिसणारे काम होते. ती कोठे रिकामी होते, हा प्रश्न मात्र शहराच्या हद्दीपाशी संपत असे. नदीचा पूर सारे धुऊन नेतो, ही समजूत अधिकारी व नागरिक या दोघांचीही होती, आणि लोकसंख्या अल्प होती तोवर ती अगदीच चुकीची नव्हती.

या काळातील दंडविधान तोकडे होते. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) २७७व्या कलमानुसार सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी दूषित करणे हा अपराध होता. परंतु वाहती नदी या व्याख्येत येत नाही, असा अर्थ एकोणिसाव्या शतकात मद्रास उच्च न्यायालयाने लावला. परिणामी विहीर दूषित करणारा शिक्षेस पात्र ठरे, तर नदीत मैला सोडणाऱ्यावर सार्वजनिक उपद्रवाचीच काय ती कारवाई होऊ शके. याच्या तुलनेत कौटिलीय अर्थशास्त्र अधिक काटेकोर वाटते. रस्त्यावर चिखलपाणी तुंबविणाऱ्यास त्यात पाव पण दंड सांगितला असून राजमार्गावर तो दुप्पट आहे. पाणवठ्याजवळ घाण करणाऱ्यास स्वतंत्र व चढता दंड आहे. अर्थात ग्रंथातील दंड प्रत्यक्षात किती वसूल होत असे, हा प्रश्न प्राचीन काळासही लागू आहे.

नवे कायदे : महाराष्ट्र हे जलप्रदूषणाविषयी स्वतंत्र कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी एक होय. महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम, १९६९ अन्वये ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्य मंडळ स्थापन झाले. केंद्रीय जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये झाला व महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. या कायद्यातील ‘प्रवाह’ या संज्ञेत नदी तर येतेच, शिवाय तात्पुरता कोरडा असलेला जलमार्ग, नैसर्गिक वा कृत्रिम जलाशय आणि भूमिगत पाणीही येते. भंडाऱ्यासारख्या प्रदेशात, जेथे नाला आठ महिने कोरडा असतो, तेथे या व्याख्येचे मोल मोठे आहे. कोरड्या नाल्यात काळोख्या रात्री टँकर रिकामा करणारा माणूसही नदीच दूषित करीत असतो, असे कायद्याने मानले. पुढे १९८८च्या दुरुस्तीने कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज व पाणी तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकार मंडळास मिळाला. तसेच साठ दिवसांची सूचना देऊन कोणाही व्यक्तीस न्यायालयात तक्रार दाखल करता येऊ लागली. तोपर्यंत न्यायालयात जाण्याचा मार्ग मंडळापुरताच मर्यादित होता.

कायद्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. सांडपाणी सोडण्यास कारखान्याप्रमाणेच नगरपालिकेलाही मंडळाची संमती आवश्यक असते. म्हणजे नागरिकाने नालीत घाण सोडू नये म्हणून जी संस्था पहारा देते, तीच संस्था नालीच्या दुसऱ्या टोकाशी नदी दूषित करणारी म्हणून उत्तरदायी ठरते. हा दुहेरीपणा येथेच प्रथम दिसला असे नाही. इंग्लंडमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज चालविणे कठीण झाले व लंडनला मोठ्या मलवाहिन्या मिळाल्या. नंतर १८७६ मध्ये नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. त्याची अंमलबजावणी मात्र स्थानिक आरोग्य संस्थांकडे देण्यात आली आणि त्यांच्याच मलवाहिन्या नद्यांत उघडत असल्याने तो कायदा बराच काळ निष्प्रभ राहिला. तेथील राजकीय आयोगाने १९१२ मध्ये शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी जैव रासायनिक ऑक्सिजन मागणी (जै. ऑ. मा.) लिटरला २० मिग्रॅ. व निलंबित घन द्रव्ये ३० मिग्रॅ. ही मर्यादा सुचविली. परंतु नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळावयास असेल, हे तिचे गृहीत होते. हे गृहीत एप्रिल-मे महिन्यांतील विदर्भाच्या नाल्यांस लागू पडत नाही.

भारतातील मानकांत एक बारकावा आहे व तो स्थानिक प्रशासनास नेहमी अडचणीत आणतो. पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार भूपृष्ठावरील जलप्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्याची जै. ऑ. मा. लिटरला ३० मिग्रॅ. पेक्षा अधिक नसावी. सार्वजनिक मलवाहिनीत सोडावयाचे असेल, तर मात्र ३५० मिग्रॅ. पर्यंत चालते, कारण मलवाहिनीच्या शेवटी शुद्धीकरण केंद्र आहे असे मानलेले असते. ज्या शहरात भूमिगत मलवाहिनीच नाही किंवा अपुरी आहे, तेथे उघडी नालीच ‘सार्वजनिक मलवाहिनी’ समजली जाण्याचा धोका असतो. कागदावर ३५० ची मर्यादा पाळणारा उद्योग मग प्रत्यक्षात नदीत दहापटीहून अधिक दूषित पाणी सोडू शकतो. नाली आणि मलवाहिनी हा भेद शब्दांचा खेळ नव्हे. सर्व नियंत्रणाचा पाया त्यावर उभा आहे.

जिल्ह्यातील स्रोत : भंडारा जिल्ह्यात उद्योगांचे स्वरूप मिश्र आहे. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध असून भांडी उजळविताना आम्लाचा वापर होतो. तुमसर हे तांदळाचे मोठे व्यापारकेंद्र होय. उसना तांदूळ तयार करताना भात गरम पाण्यात भिजत घालतात. हे पाणी आंबते, त्याला उग्र वास येतो व ते नाल्यात सोडल्यास तेथील ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो. अशा गिरण्यांचे काम हंगामी असल्याने त्या तपासणीच्या दिवशी चालू असतीलच असे नाही. चिखला व डोंगरी बुजरुक येथील मँगॅनीजच्या खाणी, जवाहरनगरचा आयुध निर्माण कारखाना आणि वरठीचा पोलाद कारखाना हे मोठे घटक राज्य मंडळाच्या थेट देखरेखीखाली येतात. मोठ्या कारखान्यास पत्ता असतो, नोंद असते, संमतिपत्र असते. त्याच्यावर लक्ष ठेवणे तुलनेने सोपे जाते. विखुरलेले लहान धंदे, वाहने धुण्याची केंद्रे, कत्तलखाने, मैला उपसणारे टँकर आणि घरोघरच्या मैलाटाक्यांचे नालीत सोडलेले पाणी यांची गणती करणे मात्र अवघड असते.

अपराध सिद्ध करण्याची रीतही कष्टाची आहे. कायद्याप्रमाणे नमुना घेताना त्याची सूचना संबंधित व्यवसायाच्या चालकास देऊन, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावे लागतात. ते बंद करून मोहोर लावून प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकास ही पद्धत लागू करण्याचा अधिकार नसतो. तो नोटीस देऊ शकतो, उपविधींनुसार दंड करू शकतो, अनधिकृत जोडणी तोडू शकतो. पण शास्त्रीय पुरावा मंडळाच्या अधिकाऱ्यासच गोळा करावा लागतो. तक्रार झाली, अधिकारी आला, तोवर नालीतील पाणी वाहून गेलेले असते.

अमेरिकेत १९७२च्या कायद्यानंतर कारखान्यांचे निर्गम आटोक्यात आले, तरी पर्जन्यजलवाहिन्यांतून होणारे प्रदूषण कायम राहिले, म्हणून १९८७च्या दुरुस्तीने नगरसंस्थांवर त्या वाहिन्यांतील पावसाखेरीजचे सर्व निर्गम प्रभावीपणे बंद करण्याची जबाबदारी टाकण्यात आली. १९९० पासून एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांना व १९९९च्या नियमांनी लहान शहरांनाही ती लागू झाली. तेथील निरीक्षणाचे मुख्य सूत्र अगदी साधे आहे : पाऊस नसताना वाहिनी वाहत असेल, तर कोठेतरी अवैध जोडणी असण्याचा संशय घ्यावा आणि रंगीत द्रव्य किंवा धूर सोडून तिचा माग काढावा. भंडारा, तुमसर किंवा पवनी येथे ही कसोटी निरुपयोगी ठरते. येथील नाल्या सांडपाणी वाहून नेण्यासाठीच बांधलेल्या असल्याने त्या बारमाही वाहतात आणि शंभर वैध प्रवाहांत एक अवैध प्रवाह ओळखू येत नाही.

न्यायालयांची भूमिका : स्थानिक संस्थांच्या कर्तव्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १९८० मधील रतलाम नगरपालिकेचा निर्णय पायाभूत मानला जातो. मध्य प्रदेशातील रतलाम येथील एका वस्तीतील नागरिकांनी उघड्या नाल्या आणि मद्यार्काच्या कारखान्यातून रस्त्यावर वाहणारे पाणी यांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली होती. पैसा नाही ही नगरपालिकेची सबब न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी अमान्य केली आणि सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा दंडाधिकाऱ्याचा आदेश नगरपालिकेवर बंधनकारक ठरविला. आर्थिक अडचण खरी असली, तरी ती कर्तव्यातून सुटका करीत नाही, हे या निर्णयाने स्पष्ट झाले. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने (१९९२) सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय नगरसंस्थांच्या परिशिष्टात आले. परंतु कार्ये वाढली त्या प्रमाणात महसूल वाढला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या प्रकरणात स्थानिक संस्थांनी तीन वर्षांत सांडपाणी शुद्धीकरणाची व्यवस्था उभारावी, असा आदेश दिला व त्याची देखरेख राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे सोपविली. त्यानंतर न्यायाधिकरणाच्या २०१९च्या आदेशांनुसार जिल्हा पर्यावरण आराखडे तयार करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील समित्यांकडे आले.

नाग नदी व गोसीखुर्द : नाग नदी नागपूरच्या पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून निघून सु. १७ किमी. शहरातून वाहते आणि पुढे पिली नदीचे पाणी घेऊन कुही तालुक्यात कन्हानला मिळते. नागपूर शहराला तिचेच नाव मिळाले. नागपूर नगरपालिका १८६४ मध्ये व महानगरपालिका १९५१ मध्ये स्थापन झाली. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. शहर वाढले तसतसे मलवाहिन्यांतून ओसंडणारे व मलवाहिनीच नसलेल्या वस्त्यांतील सांडपाणी पर्जन्यनाल्यांवाटे नाग, पिली व पोरा या नद्यांत येऊ लागले. उन्हाळ्यात नाग नदीत वाहते ते बहुतांशी हेच पाणी होय. नदीपात्रातील गाळ व कचरा काढण्याच्या मोहिमा महानगरपालिकेने राबविल्या. भांडेवाडी येथे १०० द. ल. लिटर दैनिक क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र प्रथम उभे राहिले. त्यानंतर २००८ मध्ये शुद्ध केलेले ११० द. ल. लिटर पाणी औष्णिक वीज केंद्रास देण्याचा करार राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीशी झाला व या केंद्राची क्षमता पुढे वाढविण्यात आली. सांडपाण्याला ग्राहक मिळाल्यावर ते शुद्ध करण्याचा उत्साह वाढतो, याचे हे उदाहरण नगरप्रशासनाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. तथापि सर्व सांडपाणी या केंद्रापर्यंत पोहोचत नव्हते.

भंडाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक बदल नागपुरात झाला नाही, तो खाली गोसीखुर्दला झाला. पवनी तालुक्यातील या धरणाची (इंदिरा सागर) कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. नागपूर, भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सु. २,५०,८०० हेक्टर क्षेत्रास सिंचन देण्याचा हा प्रकल्प २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झाला. धरणास ३३ दरवाजे असून एकूण साठवणक्षमता सु. १,१४६ द. ल. घमी. आहे. जलसाठा टप्प्याटप्प्याने वाढविला गेला, तसतसा त्याचा फुगवटा अंभोऱ्याचा संगम ओलांडून वैनगंगेच्या पात्रात वर सरकला. पूर्वी कन्हानचे दूषित पाणी संगमानंतर खाली वाहून जाई. भंडारा शहर संगमाच्या वर असल्याने त्याला त्याची झळ लागत नसे. पाणी थांबल्यानंतर खाली आणि वर हा भेद पुसट झाला. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांचा संथ पाण्यात साठा होतो आणि त्यावर जलपर्णी पोसली जाते. विदर्भात तिला ‘इकॉर्निया’ या नावाने सर्वजण ओळखतात. तिचे थर पसरले की जाळी टाकता येत नाहीत, नाव चालत नाही आणि पाण्यातील ऑक्सिजन घटून मासे कमी होतात. जलाशयावर उपजीविका करणाऱ्या ढिवर समाजाच्या मच्छीमारांना आणि नदीचे पाणी पिणाऱ्या काठावरच्या गावांना हा उपद्रव सोसावा लागला. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांना उरलेल्या पाण्याचाही भरवसा राहिला नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे निश्चित केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते आणि त्यांत कन्हान व वैनगंगा या दोन्ही नद्यांचा समावेश होता. भंडारा नगर परिषद नागपूरच्या महानगरपालिकेस नोटीस देऊ शकत नाही, तिची जोडणी तोडू शकत नाही, दंडही करू शकत नाही. तिच्या हाती जलशुद्धीकरणाचा वाढता खर्च तेवढा राहतो. त्याच वेळी तिच्या स्वतःच्या हद्दीतील नालेही वैनगंगेकडेच वाहतात, हे विसरून चालणार नाही; नागपूरच्या सांडपाण्याकडे बोट दाखविताना स्थानिक नाल्यांचा विषय सोयीस्करपणे मागे पडतो. तुलनेने नागपूरचा भार प्रचंड आहे हे खरे, तथापि शहराजवळच्या घाटावर स्नान करणाऱ्यास लहान नालाही पुरेसा घातक असतो.

नाग नदीच्या प्रदूषण निवारणाची योजना राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मंजूर झाली. तिचा अंदाजित खर्च २०२१ मध्ये सु. २,११७ कोटी रु. व डिसेंबर २०२२ मधील मंजुरीच्या वेळी सु. १,९२७ कोटी रु. होता. खर्चाची विभागणी केंद्र ६०, राज्य २५ व महानगरपालिका १५ टक्के अशी ठरली. एकूण ९२ द. ल. लिटर दैनिक क्षमतेची तीन नवी शुद्धीकरण केंद्रे, मलवाहिन्यांचे जाळे आणि नाल्यांतील प्रवाह अडवून ते मलवाहिनीकडे वळविण्याची कामे तिच्यात अंतर्भूत आहेत. ही सर्व कामे नागपूरच्या हद्दीतील नाग, पिली व पोरा यांच्या खोऱ्यांसाठी असून अंमलबजावणी नागपूर महानगरपालिकेकडे आहे. जलाशयात आधीच साचलेला गाळ व जलपर्णी हा स्वतंत्र प्रश्न असून तो या योजनेच्या कक्षेत येत नाही.